शील आपले, दंडुका कोणाचा? दारूबंदीच्या मागणीबद्दल थोडे स्पष्ट

परभणी जिल्ह्यातल्या वस्त्यांत फिरताना एक मागणी आम्हाला हमखास ऐकू येते, "दादा, ही दारू एकदाची बंद करा." मागणी करणारी बहुतेक वेळा बाई असते. दिवसभराची मजुरी संध्याकाळी कुठे जिरते हे तिच्याइतके कोणाला ठाऊक? तिचा संताप आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. पण सरकारने बंदी घातली म्हणजे दारू बंद होते का, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी विचारलाच पाहिजे.

बाबासाहेबांनी तो विचारला होता. १९५१ च्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात दारूबंदीला उघड विरोध आहे. बंदीने महसूल तर बुडतोच, शिवाय दारू घरातच गाळली जाऊ लागल्याने ती बायकापोरांपर्यंत पोचते, असे त्यात मांडले आहे. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनीच दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. काही तरुणांना यात विसंगती वाटते. आम्हाला वाटत नाही. शील माणूस स्वतः घेतो आणि स्वतः पाळतो. बंदी राबवायला मात्र पोलीस लागतो.

तो पोलीस कोणाच्या दारात येतो, हे परभणीकरांना सांगायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि धरपकड आपल्या वस्त्यांतून झाली. सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. घरात शिरायला आणखी एक निमित्त आपणच त्यांच्या हाती द्यायचे का?

आता चंद्रपूर पाहा. दारूबंदीसाठी तिथल्या महिला चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. त्याआधी नेमलेल्या रमानाथ झा समितीने अवैध दारू आणि गुन्हे वाढल्याचे नोंदवले होते. बायकांनी मागितला होता संसार, मिळाला काळाबाजार.

मग सगळे खुले करा, असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर मालवणी. मुंबईत परवान्याची दुकाने पावलोपावली आहेत. तरीही जून २०१५ मध्ये मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसे मेली. ती गरीब होती आणि स्वस्तात मिळेल ते पीत होती. परवाना दिल्याने गरिबी हटत नाही, व्यसनही सुटत नाही.

गांज्याचेही तेच. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरला जातो, तरी वर्षभराची कैद होऊ शकते. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या पोराच्या नावावर अशी एक केस पडली की त्याची धाव तिथेच संपते. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरता अमली पदार्थ बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून काढले. विक्री गुन्हाच ठेवली आणि सापडलेल्याला उपचाराची वाट दाखवली. आपल्या कायद्यातही कलम ६४अ आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला ते खटल्यापासून संरक्षण देते. हे कलम वस्तीत जाऊन सांगा.

म्हणून आमची भूमिका सरळ आहे. पिणाऱ्याला रुग्ण समजा. हातभट्टीला नवसागर, गूळ आणि स्पिरिट पुरवणाऱ्याला व त्याच्याकडून हप्ता खाणाऱ्याला धरा. दारूच्या महसुलातून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्ती कक्ष चालवा. दुकान हवे की नको, हे बायकांना ठरवू द्या. त्यासाठी राज्यात 'आडव्या बाटली'चे मतदान आहे, त्याचा अर्ज भरायला बायकांना मदत करा. पण हे मतदान परवान्याच्या दुकानापुरतेच आहे. ते बंद झाल्यावर गावात हातभट्टी शिरणार नाही, यासाठी दुसऱ्या दिवसापासून पहारा आपल्यालाच द्यावा लागेल.

आणि विहारात पंचशील म्हणणाऱ्या प्रत्येकाने पाचवे शील घरी नेले पाहिजे. ते काम कुठल्याही सरकारवर ढकलता येणार नाही.

जय भीम!