उतरणारी बॅटरी

मराठीत बॅटरी ‘उतरते’. ताप उतरतो, राग उतरतो, कापडाचा रंग उतरतो, त्याच जातीचे हे क्रियापद. त्यात एक संथपणा गृहीत धरलेला आहे, आणि उतरण्याची चाहूल आधी लागते असेही. गेल्या वर्षी गाडीसाठी बॅटरी निवडताना या शब्दाने मला अनपेक्षितपणे मदत केली. ती हकीकत थोडी तांत्रिक आहे. साहित्याच्या वाचकांनी तेवढे सोसावे ही विनंती.

गाडी म्हणजे १९८६ सालची फोक्सवागन टी-३, वेस्टफालियाने राहण्यासाठी सजवलेली. जर्मनीत स्थायिक झाल्यावर आम्ही ती जुनीच घेतली. मूळचा फ्रीज काढून कोणा पूर्वीच्या मालकाने बारा व्होल्टवर चालणारा, कॉम्प्रेसरचा फ्रीज बसवला होता. त्यात नुसते दूध आणि भाजी असती तर मी इतक्या खोलात शिरलोच नसतो. माझी पत्नी इन्शुलिन घेते. वापरात नसलेली इन्शुलिनची पेने २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहावी लागतात, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन टाकून द्यावे लागते. त्यामुळे श्वार्त्सवाल्डमध्ये ऑगस्टच्या रात्री फ्रीजची गुरगुर फार वेळ ऐकू आली नाही, की मी उठून बसतो.

या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. पुढच्या एका आसनाखालची इंजिन सुरू करते, दुसऱ्या आसनाखालची घर चालवते. विकणाऱ्याने ‘अगदी नवी’ म्हणून दाखवलेली घरची बॅटरी प्रत्यक्षात इंजिन सुरू करण्याच्या जातीची निघाली. दोघींचे पेटारे सारखेच दिसतात, आतला स्वभाव वेगळा. इंजिनच्या बॅटरीत शिशाच्या पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. क्षणभर प्रचंड प्रवाह द्यायचा आणि लगेच पुन्हा भरून घ्यायचे, एवढेच तिला ठाऊक. रात्रभर थोडे थोडे देत राहण्यासाठी जाड पट्ट्यांची बॅटरी लागते. पातळ पट्टीवाली या कामात लवकर खचते.

हिशेब साधा आहे. आमचा फ्रीज चालू असताना साधारण ४ अँपियर घेतो, आणि उन्हाळ्यात तासातली वीसेक मिनिटे चालतो. म्हणजे दिवसाला तीसेक अँपियर-तास; दिवे, फोन धरून पस्तीस. शिशाची बॅटरी निम्म्याखाली नेऊ नये, नेल्यास तिचे आयुष्य घटते. तेव्हा ८० अँपियर-तासांची बॅटरी एक दिवस आणि एक रात्र निभावते, फार तर.

पण खरा प्रश्न भरण्याचा आहे, आणि मुख्यतः तिथेच या बॅटऱ्यांची हेळसांड होते. वीज देताना शिशाच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते. भरताना ते विरघळून पूर्वरूपात जाते. बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहिली, तर त्याचे स्फटिक वाढतात, कठीण होतात आणि पुढे विरघळत नाहीत. पहिले तीन-चतुर्थांश भरण लवकर होते. उरलेल्यासाठी १४.४ व्होल्टच्या आसपासचा दाब कित्येक तास टिकवावा लागतो, आणि त्या काळात प्रवाह हळूहळू कमी होत जातो. जुन्या गाडीचा अल्टरनेटर मुळात १४ व्होल्ट देणार. त्यातला अर्धा लांब, बारीक तारेत आणि रिलेत हरवणार. दोन तास गाडी चालवून बॅटरी ‘भरली’ असे मानणाऱ्यांच्या बॅटऱ्या दोन वर्षांत जातात, आणि दोष मात्र कंपनीला मिळतो. आम्ही दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये दाब वाढवून देणारा वेगळा चार्जर बसवला. शिवाय सहलीहून परतल्यावर गाडी पूर्ण एक दिवस घरच्या विजेवर असते.

निवडीत लिथियमचा मोह मोठा होता. वजन निम्म्याहून कमी, आणि जवळजवळ सगळी साठवण वापरता येते; म्हणजे दोन रात्री. परंतु शून्य अंशाखाली ती भरता येत नाही, आणि आमची गाडी हिवाळाभर उघड्यावर उभी असते. त्याहून मला खटकली ती दुसरीच गोष्ट. तिचा दाब जवळपास अखेरपर्यंत एकाच पातळीवर राहतो आणि मग रक्षक यंत्रणा तिला एकदम तोडते. ती उतरत नाही, थांबते. तिचा हिशेब ठेवणारे वेगळे मापक मिळते, हे खरे. पहाटे तीन वाजता त्यावर विसंबायला मन धजावले नाही, एवढेच. शिवाय जेल प्रकारच्या बॅटरीला जास्त दाब सोसत नाही, आणि पाण्याची बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते, तिच्याशेजारी झोपायचे तर नळी बाहेर काढावी लागते. म्हणून शेवटी एजीएम घेतली: बंदिस्त, काचतंतूंच्या गादीत आम्ल मुरवलेली, शिशाचीच.

तिचे वाचन शिकावे लागते. भरल्या भरल्या मापक जे दाखवते ते खोटे असते. काही तास काहीही न जोडता ठेवली, की १२.८च्या आसपास म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. फ्रीज चालू असताना आकडा आणखी खाली दिसतो, तेवढी सूट मनात धरायची. हा आकडा मी रोज सकाळी चहाआधी वहीत टिपतो.

पत्नीला या वहीचे कौतुक आहे. मात्र प्रवासाला निघताना ती पाण्यात भिजवून थंड राहणारी एक कापडी पिशवी घेते आणि दोन पेने त्यात ठेवते. “तुझी बॅटरी उतरेल सावकाश,” ती म्हणते, “ही ओली केली की झालं.”