हंगामाची अखेरची फेरी

फाल्गुन सरू लागला की देशावरील सायकलस्वारांचा हंगाम आटोपतो. चैत्रातील ऊन लांबच्या फेरीस मानवत नाही. म्हणूनच दोघा मित्रांनी पुणे ते मेणवली हा प्रवास अखेरीस राखून ठेवला होता. एक भुसार व्यापारी, दुसरा निवृत्त शिक्षक. दोघेही साठी ओलांडलेले. चैत्रात व्यापाऱ्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. पुढील हंगामाचा विषय मात्र दोघांपैकी कोणीही काढला नव्हता.

पहाटे निघून त्यांनी उजाडता उजाडता कात्रजचा जुना घाट ओलांडला. शिरवळपाशी नीरा नदी पार केली की पुणे जिल्हा संपून सातारा जिल्हा लागतो. येथवर वाट सोपी. खरी कसोटी खंबाटकी घाटाची. चढणीच्या मध्यावर व्यापारी उतरला आणि सायकल हाती धरून चालू लागला. शिक्षकाच्या पायांत अजून बळ होते. तरीही तो उतरला. माथ्यापर्यंत दोघे पायीच गेले.

सुरूर फाट्यावरून वाई आणि पुढे कृष्णाकाठी मेणवली. तेथे नाना फडणविसांचा वाडा, दगडी घाट आणि १७३९ मधील वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. घंटा पाहून दोघे घाटाच्या पायरीवर विसावले.

शिदोरी सोडताना व्यापारी म्हणाला, “पुढच्या वर्षी मला जमले नाही, तर तू एकटा ये.”

शिक्षकाने अर्धी दशमी त्याच्या हातावर ठेवली. “आपण कार्तिकाऐवजी पौषात निघू,” तो म्हणाला.