मुलुंड ते गिरगांव

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें काश्मीर, काशी, निदान महाबळेश्वर तरी उभें राहतें. आमच्या प्रवासाची लांबी अवघी तीस-बत्तीस किलोमीटर, आणि तो सकाळीं निघून दिवेलागणीच्या आंत जातां-येतां पुराही झाला. मुलुंड पूर्वेहून आम्ही गिरगांवास जाऊन आलों, इतकीच ही हकीकत. परंतु काशीस गेलेला मनुष्य जसा कांहीं तरी तेथें सोडून येतो, तसा आम्हीही आमचा एक गैरसमज गिरगांवीं सोडून आलों. तेवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

आमच्या मातोश्री मूळच्या गिरगांवच्या. वय वर्षें एकोणऐंशी. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, अद्याप त्याच चाळींत तिसऱ्या मजल्यावर राहते. महिन्यांतून एकदां मातोश्री एकट्याच तिच्याकडे जात. घरापासून स्टेशनापर्यंत बस, पुढें लोकल, आणि बोरीबंदरास उतरल्यावर पुन्हां बस, हा त्यांचा ठरलेला क्रम. करोनाचे दिवस वगळतां त्यांत खंड पडला नव्हता. सन २०२५ च्या उन्हाळ्यापासून मात्र हें जाणें थांबलें. "गुडघे बोलूं लागले आहेत," असें त्या म्हणाल्या, आणि आम्हीं तें खरें मानून महानारायण तेलाची बाटली आणून दिली. मुलाचें कर्तव्य बजावल्याचें समाधानही त्या दिवशीं आम्हांस वाटलें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो पुरी झाली आणि गिरगांव हें तिचें एक स्थानक झालें. दिवाळीनंतरच्या एका शनिवारीं आम्हीं मातोश्रींपुढें प्रस्ताव मांडला, "चला, जमिनीखालून तुमच्या माहेरीं जाऊं." त्या प्रथम नको-नको म्हणाल्या. परंतु आमच्या सौभाग्यवतींनीं मावशीसाठीं चकलीचा डबा भरून हातीं दिला, तेव्हां त्यांचा विरोध मावळला.

बसमध्यें वाहकाला त्यांनीं विचारलें, "अजून बाराच ना?" तो हंसून म्हणाला, "बाराच, आजी." त्या 'अजून' या शब्दाचा अर्थ त्या वेळीं आमच्या ध्यानांत आला नाहीं.

मुलुंडास गाडी मिळाली ती धिमी. तिघांच्या बाकावर चवथा बसण्याची मुंबईची रीत पाळून एका गृहस्थांनीं मातोश्रींस जागा करून दिली. आम्ही उभे राहिलों. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची गाडी निघाली, तेव्हां तींत सुमारें चारशें निमंत्रित मंडळी होती, आणि २१ मैलांच्या त्या वाटेस सत्तावन्न मिनिटें लागलीं. आज धिम्या गाडीनें मुलुंडाहून जावयास त्याहून फारसा कमी वेळ लागत नाहीं! पण एका बाबतींत फरक पडला आहे. आतां निमंत्रणाची गरज उरली नाहीं. दुसऱ्या वर्गाचें किमान भाडें पांच रुपये आहे, आणि मासिक पास साधारणपणें पंधरा एकेरी फेऱ्यांच्या पैशांत मिळतो. सन २०१४ च्या जूनमध्यें हा पास दुपटीनें महागणार असें जाहीर झालें, तेव्हां एवढा गहजब उडाला कीं थोड्याच दिवसांत दुसऱ्या वर्गापुरता तो बेत मागें घ्यावा लागला. मुंबई डोंबिवली-बदलापुरापर्यंत आणि विरारच्याही पलीकडे पसरली, ती या स्वस्त पासाच्या आधारानेंच. त्या दुर्दशेच्या गर्दींतही मनुष्य निमूटपणें लोंबकळतो, त्याचें कारण त्याला दुसरें कांहीं परवडत नाहीं हेंच आहे.

मग महागाई कोठें आहे? ती प्रवासाच्या दोन्ही टोकांस आहे. लोकल घरापासून निघत नाहीं आणि कचेरीच्या दारांतही पोंचवीत नाहीं. त्या अलीकडच्या-पलीकडच्या मैलाला बस लागते, नाहीं तर रिक्षा. रिक्षाचें किमान भाडें १ फेब्रुवारी २०२५ पासून २३ रुपयांचें २६ झालें; टॅक्सीचें २८ चें ३१. बसची कथा आणखी मनोरंजक आहे. सन २०१९ च्या जुलैंत 'बेस्ट'नें आपलें किमान भाडें आठ रुपयांवरून पांचावर आणलें, वातानुकूल गाडीचें सहा ठेवलें. ता. ९ मे २०२५ पासून त्याच पांचाचे दहा झाले आणि सहाचे बारा. हव्या तितक्या फेऱ्यांचा मासिक पास ९०० चा होता, तो १८०० चा झाला. 'बेस्ट'ची बाजूही ऐकली पाहिजे. पूर्वी विजेच्या उत्पन्नांतून बसगाड्यांची तूट भरून निघत असे. तो मार्ग पुढें बंद झाला. इंधन, पगार, भाड्यानें घेतलेल्या गाड्यांचे पैसे हे थांबत नाहींत, आणि महापालिकेच्या अनुदानावर किती काळ तगून राहावयाचें? हा हिशेब खोटा नाहीं.

परंतु आमच्या घरापासून हांकेच्या अंतरावर मुलुंडचा टोलनाका आहे. ऑक्टोबर २०२४ मध्यें मुंबईच्या पांचही वेशींवर हलक्या मोटारींचा टोल माफ झाला. टोल सरकारचा आणि बस पालिकेची, हें आम्ही जाणतों. तरीही एकाच वेशीजवळ राहणाऱ्या दोन माणसांपैकीं मोटारवाल्याला सूट मिळावी आणि सात महिन्यांच्या आंत बसवाल्याचें भाडें दुप्पट व्हावें, हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

बोरीबंदरास, म्हणजे आतांच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसास, उतरून आम्ही भुयारांत शिरलों. सरकते जिने, गार हवा, लखलखीत फरशी! मातोश्रींनीं पदर सांवरला व म्हणाल्या, "इस्पितळासारखें स्वच्छ आहे." या मार्गाचें भाडें दहा रुपयांपासून सत्तरांपर्यंत आहे. काळबादेवी गेलें आणि पाठोपाठ गिरगांव आलें. आणखी दोन स्थानकें गेलें असतां ज्याला नाना शंकरशेटांचें नांव दिलें आहे तें स्थानक लागतें. मुंबईंत रेल्वे आणण्याची खटपट करणारे नाना या गिरगांवचेच. आपल्या नांवाखालून जमिनीच्या पोटांतून गाडी धांवेल, असें त्यांच्या स्वप्नींही आलें नसेल.

वर आल्यावर मातोश्री क्षणभर रस्त्याकडे पाहात उभ्या राहिल्या. "येथून ट्राम जात असे," त्या म्हणाल्या. ट्राम शेवटची धांवली ती ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं. तेव्हां त्या अठरा वर्षांच्या होत्या. मुंबईंत ट्राम आली १८७४ मध्यें, घोड्यांनीं ओढलेली. आरंभीं तिचें भाडें तीन आणे होतें. उतारू वाढले तसे तें दोन आण्यांवर आणलें. विजेची ट्राम १९०७ मध्यें आली, आणि १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली बस सुटली. भाडें कमी करूनही धंदा चालतो, ही गोष्ट घोड्यांच्या काळीं लोकांस ठाऊक होती, एवढेंच यावरून सुचवावयाचें आहे.

चाळीचे तीन जिने मातोश्री कठड्याला हात लावीत, पण कोठेंही न थांबतां चढल्या. दारांत मावशी उभी होती. दोघी बहिणी कांहीं वेळ कांहींच बोलल्या नाहींत. मग चहा झाला, चकल्या झाल्या, आणि आम्ही मोठ्या ऐटीनें म्हणालों, "मावशी, गुडघ्यांमुळें हिचें येणें बंद झालें, म्हणून मीच घेऊन आलों."

मावशीनें आमच्याकडे पाहिलें. "तीन जिने आत्तां कोणाच्या गुडघ्यांनीं चढली रे ती?"

मातोश्रींनीं तिला खुणेनें दटावलें, पण मावशी ऐकणारी नव्हे. तिनें सांगितलें तें असें: जातां-येतां मिळून चार वेळां बस. पूर्वी सहा-सहाप्रमाणें चोवीस होत, आतां अठ्ठेचाळीस होतात. शिवाय लोकल. मातोश्रींच्या हातीं फुलें, उदबत्ती आणि देवापुढें ठेवण्यापुरते पैसे असतात. त्यांतून चोवीस निघत, अठ्ठेचाळीस निघत नाहींत.

चोवीस रुपये! आम्ही दोघेही मिळवते. घरांत एका वेळच्या भाजीला याहून अधिक लागतात. आम्ही लज्जेनें म्हणालों, "मागावयाचे नाहींत का?"

मातोश्री शांतपणें म्हणाल्या, "तूं नाहीं म्हटलें असतेंस असें नव्हे. पण मागावयाचें म्हणजे कारण सांगावें लागतें. औषधाला माणूस मागतो, कोणाच्या मंगलकार्याला मागतो. बहिणीला पाहावेंसें वाटलें, हें काय कारण झालें?"

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. एस्.टी.नें पंचाहत्तरी उलटलेल्यांस सन २०२२ पासून प्रवास मोफत केला आहे. म्हणजे आमच्या मातोश्री मनांत आलें तर एक पैसा न देतां रत्नागिरीस जाऊं शकतात. पण घरापासून मुलुंड स्टेशनास जाण्यास त्यांना बारा रुपये पडतात.

परतीच्या गाडींत आम्ही हाच विचार करीत होतों. भाडेवाढ झाली म्हणजे किती टक्के वाढ, किती कोटींची तूट, अशी चर्चा चालते. कचेरीस जाणारा मनुष्य कुरकुरतो, पण जातो. त्याला जावेंच लागतें. वाढीव भाड्यानें बंद पडतात त्या फेऱ्या निराळ्याच असतात: आईचें बहिणीकडे जाणें, निवृत्त वडिलांचें ग्रंथालयांत जाणें, मुलीचें गाण्याच्या शिकवणीस जाणें. या फेऱ्यांबद्दल कोणी मोर्चा काढीत नाहीं. त्या 'गुडघे दुखतात' असें म्हणून घरांत बसतात.

घरीं आल्यावर सौभाग्यवतींस सारा वृत्तांत सांगितला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पोळ्या करणाऱ्या बाई हल्लीं उशिरा कां येतात, तें आतां कळलें. बस सोडून त्या चालत येतात. मी मात्र रोज त्यांना बोलत होतें." दुसऱ्या दिवशीं विचारलें, तेंच खरें निघालें.

आमच्या जमाखर्चाच्या वहींत आतां दोन नवीं सदरें आहेत. एकांत बाईंचें जाण्या-येण्याचें भाडें पगाराखेरीज लिहिलें जातें. दुसऱ्यांतील रक्कम एक तारखेस मातोश्रींच्या देव्हाऱ्याजवळच्या डबींत पडते. तिचा हिशेब कोणी विचारावयाचा नाहीं, असा घरांत नियम केला आहे. बसभाडें उतरविणें आमच्या हातीं नाहीं. आपल्या घरांत तें कोणाच्या वाटेंत आडवें आलें आहे, हें पाहणें मात्र प्रत्येक कुटुंबाच्या हातीं आहे.

महानारायण तेलाची बाटली अजून तशीच भरलेली आहे. परवांच एकादशी झाली, आणि मातोश्री दुसऱ्या दिवशीं सकाळीं नऊच्या बसनें एकट्याच गिरगांवास गेल्या.