कोपऱ्यातील चित्र

स्मरणिकेसाठी काही लिहावे असे विद्यालयाने कळविले, तेव्हा आम्ही प्रथम आमचे कपाट उघडले. इतिहासाच्या शिक्षकाला साधने जपून ठेवण्याची सवय असते. आमच्या कपाटात जुन्या कागदपत्रांखाली एका विद्यार्थ्याची चित्रे आहेत. त्यांतील सर्वांत जुने चित्र तो सहावीत असतानाचे. मोठ्या पांढऱ्या कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, आगपेटीएवढ्या जागेत, एक बैल काढलेला आहे. उरलेला कागद कोरा.

त्या वर्षी कलाशिक्षकाची जागा रिकामी असल्याने चित्रकलेचे तास आमच्याकडे आले होते. चित्रकलेतील आमची पुंजी म्हणजे शाळेत असताना दिलेली एलिमेंटरीची परीक्षा, एवढीच. बैलाचे वशिंड, मान, शिंगांचा बाक मात्र आमच्यासारख्यालाही थक्क करणारा होता. "एवढे लहान का काढलेस?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "सर, चुकलं तर राहिलेला कागद कामाला येईल."

त्याचे आईवडील ऊसतोड कामगार. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे, हा त्यांचा वर्षक्रम. मुलाचे शिक्षण तुटू नये म्हणून त्यांनी त्याला आपल्या वसतिगृहात आणून सोडले होते. अशा घरातील मुलाला कागदाची किंमत कळते. आम्ही त्याच्या काटकसरीचे वर्गात कौतुक केले.

परमपूज्य बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर, कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, हे आम्ही दरवर्षी शिकवतो. तो कोपरा दुसऱ्यांनी नेमून दिलेला होता. आमच्या या विद्यार्थ्याला कोणी कोपऱ्यात बसविले नव्हते. तरीही त्याचा हात आपण होऊन कोपऱ्यात जाऊन बसला होता. हे ओळखायला आम्हाला दोन वर्षे लागली, याची खंत वाटते.

पुढे त्याला शासकीय रेखाकला परीक्षेला बसविले. वस्तुचित्रात त्याने तांब्या-पेल्याची छाया अचूक टिपली, कर्तव्यभूमितीतही तो चोख होता. अडले ते स्मरणचित्रात. 'माझे गाव' काढ म्हटले की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, नारळाचे झाड. "तुमच्या गावात नारळ आहे का?" "नाही सर." "आणि नदी?" "पावसाळ्यात ओढा असतो." "मग हे कुठले?" "चित्रात असंच असतं, सर." स्वतःचे गाव चित्रात येऊ शकते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आम्हीही नाही.

तो आठवीत असताना काही माजी विद्यार्थ्यांनी संगणक कक्षाला दोन पेन टॅबलेट भेट दिले. हात मेजावरच्या काळ्या पाटीवर आणि नजर समोरच्या पडद्यावर, अशी ती रीत. आम्ही त्याला तिकडे जाण्यास मनाई केली. आधी कागदावर हात बसू दे, यंत्राने हात आळशी होतो, असे आमचे मत होते. सुट्टीत तो चोरून जाऊ लागला. एके संध्याकाळी वंदनेला आला नाही म्हणून शोधायला गेलो, तर तो संगणकासमोर. रागावण्यासाठी तोंड उघडले आणि पडद्याकडे पाहून थबकलो. तोच बैल, पण या कडेपासून त्या कडेपर्यंत, साऱ्या पडद्यावर! त्याने एक रेघ ओढली, ती फसली. दोन कळा दाबताच नाहीशी झाली. पुन्हा ओढली. पुन्हा पुसली. अकराव्या-बाराव्या वेळी पाठीचा बाक जमला. "सर, इथं चुकलं तरी काही वाया जात नाही," तो म्हणाला.

ज्याला आम्ही आळस समजत होतो, ते त्याच्यासाठी निर्भय होणे होते. चुकण्याची मुभा हीसुद्धा एक श्रीमंती आहे आणि ती त्याला आयुष्यात प्रथमच मिळाली होती. आम्ही मनाई मागे घेतली. क्रिटा नावाचे मोफत सॉफ्टवेअर तो स्वतःच शिकला.

परंतु या नव्या रीतीचे स्वतःचे दोषही होते. त्याच्या पडद्यावरील माणसे मोबाइलमधील खेळांतल्यासारखी दिसू लागली : मोठे डोळे, टोकदार हनुवटी, गोरा रंग. नारळाचे झाड जाऊन दुसरे उसने झाड आले, एवढेच.

त्या वर्षी सहल अजिंठ्याला गेली. आम्ही वर्गात शिकविलेले तेथे पुन्हा सांगितले. 1844 पासून रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि त्यांतील बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी नव्याने काम केले. त्यांपैकी अनेक प्रतिकृती 1885 मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. पुढे 1909 मध्ये येथे प्रतिकृती करायला आलेल्यांत नंदलाल बोस होते. त्यांनीच शांतिनिकेतनच्या सहकाऱ्यांसह आपल्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजविली. तिच्यात तथागतांच्या जीवनातील प्रसंगही आहे.

आमचा विद्यार्थी मात्र एका ठिकाणी रंगाचे पापुद्रे उडाले होते, तिथेच खिळून उभा होता. खाली मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर गेरूची रेघ, मग रंग. "सर, हे लेअरच आहेत," तो हळूच म्हणाला. मग जरा वेळाने, "यातली माणसं आपल्या रंगाची आहेत." आम्ही काही बोललो नाही. सावळ्या, गव्हाळ, काळ्या रंगाचे राजे आणि राण्या भिंतीवरून आमच्याकडे पाहत होत्या.

परतल्यावर त्याने आईचे चित्र करायला घेतले : डोक्यावर उसाची मोळी, मागे फड. पडद्यावर महिनाभर काम चालले होते. रंग आता तिचाच होता. हंगाम संपवून आई भेटायला आली, तेव्हा त्याने तिला संगणकासमोर बसविले. आम्ही शेजारी उभे होतो. माउलीने बराच वेळ पाहिले, पडद्याला बोट लावले आणि म्हणाली, "म्या हायच. पर मोळी लई हलकी काढलीस, बाबा."

कोणत्याही परीक्षकाने याहून नेमका शेरा दिला नसता. काळ्या पाटीवरून पेन सहज घसरते. वजन त्या रेघेत उतरले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा कागद-कोळशाकडे वळला. स्वयंपाकघरामागच्या सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन तो आरशासमोर उभा राही. मान कुठे दबते, खांदा कसा वर येतो, टाच कशी रुतते, हे पाही आणि मग कोळसा दाबून रेघ ओढी. चुकले तर कागद उलटा करून मागच्या बाजूला काढी. कागद वाया जाण्याची भीती आता उरली नव्हती. ती पडद्याने घालवली होती. वजन मात्र कागदाने दिले.

दहावीनंतर त्याने आपल्याबरोबर तोडीला यावे, असा वडिलांचा विचार होता. 'चित्रं काढून पोट भरतं का?' हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता आणि आमच्याकडे त्याचे पक्के उत्तरही नव्हते. एवढेच म्हणालो की दोन वर्षे द्या. त्यांनी दिली. आज तो बारावीत आहे आणि कला पदवीच्या राज्य प्रवेश परीक्षेची तयारी करतो आहे. पुढे काय होईल, ते त्याच्या हातावर आहे. पालकांना आमची एकच विनंती : मूल चित्र काढू लागले तर साधन कोणते आहे, यावर आमच्यासारखे अडून बसू नका, ते कागदाच्या कुठल्या भागात चित्र काढते, तेवढे पाहा.

कपाटातील शेवटचा कागद त्याच्या आईच्या चित्राचा आहे. पावले तळाच्या कडेला टेकली आहेत, दोन्ही कोपरे भरले आहेत आणि मोळीची वरची टोके कागदाबाहेर गेली आहेत. आम्ही विचारले, "कागद पुरला नाही का?"

"नाही सर," तो म्हणाला, "याहून मोठा लागंल."