दिवसपाळी, रात्रपाळी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
अटेंडंट पुरवणाऱ्या ब्यूरोचा माणूस करार करून गेला. बारा तासांची दिवसपाळी, रोजचे सहाशे, महिन्याचे १८,०००. रात्रपाळीचाही दर तोच. रात्र मीच करणार म्हटल्यावर खूश होऊन म्हणाला, "फिर तो मैडम, आपका आधा बच गया."

आईच्या खुब्याच्या ऑपरेशनचे पैसे दादाच्या कंपनीच्या विम्याने दिले. अटेंडंट आणि डायपर या दोन ओळी मात्र नामंजूर होऊन आल्या. चौकशी केली तर विमा नियामकाची यादीच निघाली, सहसा न मिळणाऱ्या खर्चांची. डायपर, खासगी नर्स, अटेंडंट, सगळे एकाच यादीत. हाड बसवणे हा उपचार. ते बसल्यावर माणसाला उठवून संडासला नेणे ही डायपरच्या पंक्तीतली बाब.

५ नोव्हेंबर, बुधवार
ब्यूरोची दीदी आली. बाणगंगेहून पायी येते. आई तिच्याशी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, कुणाचेच अडत नाही.

चादर कशी बदलायची ते आज तिच्याकडून शिकले. दोन्ही पायांमध्ये उशी, मग खांदा आणि कंबर एकदम धरून चांगल्या बाजूला कुशीवर वळवायचे, मळकी चादर पाठीमागे गुंडाळून तिच्याच कडेने नवी सरकवायची. आई एकदाही कण्हली नाही. ब्यूरोच्या कागदावर हिच्या नावापुढे 'अनस्किल्ड' लिहिले आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
आईला खुर्चीत बसवून गॅलरीत आणले. समोर धूळ. स्मार्ट सिटीसाठी टी. टी. नगरातले सरकारी क्वार्टर पाडले, त्याला आता वर्षे झाली. १९५६ साली भोपाळ राजधानी झाल्यावर बाबूलोकांसाठी उभ्या राहिलेल्या या वसाहती. नाव तात्या टोपेंचे, त्यामुळे आमच्या मराठी घरांना उगीचच आपलेपणा वाटायचा. तिथल्या तीन-चार काकू दुपारी आईकडे येऊन बसत. एखादी तासभर थांबली की मी जवाहर चौकातून भाजी, औषधे घेऊन यायची. त्या तासाला दर नव्हता. क्वार्टर गेले, कुणी कोलारला, कुणी मुलाकडे नागपूरला. आज तोच तास पन्नास रुपयांना पडतो. शहराच्या आराखड्यात रस्ते मोजले, मजले मोजले. या काकू कुठल्या रकान्यात बसणार?

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सरकारकडून काय मिळते ते पाहिले. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारत, वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी पडून राहणाऱ्याला शून्य. प्राप्तिकरात कलम ८० डी आहे, विमा नसलेल्या ज्येष्ठाच्या औषधोपचारासाठी ५०,०००. आईला विमा आहे आणि मी नव्या करप्रणालीत. विषय संपला.

एकच जागा जरा शहाणी वाटली, ती पेन्शनची. बाबा टपाल खात्यातले. केंद्राच्या पेन्शनमध्ये, कुटुंब निवृत्तिवेतनातसुद्धा, ऐंशीला २० टक्के वाढ, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला दुप्पट. वय वाढते तसे माणूस लागते, हे कुणीतरी निदान कागदावर मान्य केले. पण पेन्शन असलेली घरे किती? बाकीच्यांसाठी २००७ चा आईवडिलांच्या पोटगीचा कायदा. त्यात पोटगीची कमाल मर्यादा महिन्याला १०,०००, आजही तीच. ती उठवण्याची आणि घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांना नियमांत आणण्याची तरतूद असलेले विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले आणि पुढे लोकसभेबरोबरच बारगळले. जर्मनीत १९९५ पासून अशा शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा आहे. घरातलेच कुणी करत असेल तर त्याच्यासाठीही रोख भत्ता मिळतो. जपानमध्ये २००० पासून चाळिशीनंतर प्रत्येकजण हप्ता भरतो. आपल्याकडे हा हप्ता मुली आणि सुना भरतात, पावती न घेता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
दीदीला विचारलेच. हातात पडतात ११,०००. म्हणजे ब्यूरोचे सात, दर महिन्याला, एकदा माणूस पाठवल्याबद्दल. खाडा झाला की दिवसाचे कापतात. साप्ताहिक सुट्टी नाही. तिची सासूही अंथरुणाला आहे, तिच्याजवळ बारा वर्षांची पोर शाळा बुडवून बसते. आईच्या उशाशी माणूस यावे म्हणून बाणगंगेत एका पोरीची शाळा बुडते आहे, आणि त्या व्यवहारात १८,००० देणारी मी आहे.

घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने या जानेवारीत केंद्राला सांगितले. तो येईल तेव्हा येवो. रविवार सुट्टी, आणि कापलेले पैसे मी तिच्या हातात देणार. रविवारी आईला मी एकटी वळवीन, आता येते.

२३ नोव्हेंबर, रविवार
दादाचा पुण्याहून फोन. "खर्च अर्धा-अर्धा करू. रात्री तर तू आहेसच ना तिथे."

आहेच. म्हणून वहीत दोन रकाने पाडले. दिवसपाळी १८,०००. फिजिओथेरपी, डायपर, अंडरपॅड मिळून ९,०००. किराणा आणि औषधे आईच्या पेन्शनमधून, ती धरली नाहीत. रात्रपाळी: ब्यूरोच्याच दराने १८,०००, कर्मचारी मी. एकूण ४५,०००, प्रत्येकी साडेबावीस. माझे अठरा रात्री जागून दिले, उरलेले साडेचार रोख. बंद केलेल्या शिकवण्या यात नाहीत, तेवढी सूट दिली. वहीच्या पानाचा फोटो काढून त्याला पाठवला.

रात्री वहिनीचा फोन. भावाबहिणीत असला हिशेब शोभत नाही म्हणाली. मी म्हटले, वहिनी, तुमच्या आईच्या वेळी तुम्ही चार वर्षे केलेत, ते कुणी लिहिले? ती बराच वेळ बोलत होती मग, दादाबद्दल नाही, स्वतःच्या भावांबद्दल.

१ डिसेंबर, सोमवार
दादाचे २२,५०० आले. दीदीच्या रविवारचे पैसे त्याने वेगळे पाठवले, हे मी मागितले नव्हते. ब्यूरोच्या माणसाला सांगितले की करार पुढे चालवायचा तर बाईच्या हातात किती पडणार ते कागदावर लिहा. त्याने वरती विचारून सांगतो म्हटले. तुमच्या घरी असा करार झाला असेल, तर तुम्हीही विचारा. एकटीने विचारल्यावर ते वरतीच विचारत राहतात.