पहिल्या बर्फाची भीती



दिवाळीच्या सुट्टीत मुलं हिमालयात ट्रेकला निघतात. म्हणतात, "आत्ता कुठे एवढा बर्फ असतो!" पण थोडा बर्फही फसवा असतो. जुना पातळ थर कडक थंडीत साखरेसारखा सुटा होतो. त्यावर नवा बर्फ साचला, की एका माणसाच्या वजनानेही उतार निसटू शकतो. उत्तराखंडात द्रौपदी का डांडा-२ वर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी हिमस्खलनात पंचवीसहून अधिक गिर्यारोहक गेले. एव्हरेस्ट चढलेली सविता कंसवालही त्यांत होती.

ईर्यासमितीत आपण जीव जपत, खाली पाहून चालतो. डोंगरात वरचा उतारही पाहायचा. मुलांना सांगा: ताज्या बर्फवृष्टीनंतर थांबा, पायाखाली 'धप्प' आवाज आला, तर उतार सोडा, परत फिरा. परत फिरणं हीसुद्धा जीवदयाच, स्वतःवरची.