कलम बांधताना
पहाटे साडेतीनला लॉगमध्ये ती ओळ उमटली: अनमाउंट करणारी प्रोसेस १२० सेकंदांहून जास्त वेळ अडकून आहे. मी किल मायनस नाइन दिलं. काही झालं नाही. यादीत तिच्यासमोरचं डी हे अक्षर हललं नाही, कारण कर्नेलच्या आत म्युटेक्ससाठी अशी थांबलेली प्रोसेस बाहेरून मरत नाही. मग सिंक दिलं, तर तेही अडकलं. शेवटी मशीनची वीजच काढावी लागली.

पुण्यातल्या एका स्टोरेज कंपनीत माझं तेव्हा दुसरं वर्ष होतं. लिनक्ससाठी आम्ही आमची स्वतःची फाइल सिस्टीम लिहीत होतो. एखाद्या स्नॅपशॉटच्या डिरेक्टरीत कुणी शिरलं की ती जुनी प्रत आपोआप माउंट व्हायची आणि कुणी वापरत नसेल तर थोड्या वेळाने उतरायची. हा भाग माझा होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

माउंट म्हणजे कलमच. एका झाडाच्या एका जागेवर दुसऱ्या झाडाचं मूळ आणून बसवायचं. लिनक्सच्या नेमस्पेस डॉट सी या फाइलमध्ये तर ग्राफ्ट_ट्री नावाचं फंक्शनच आहे. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रत्नागिरीकडची आमची बाग आठवली. बाबा कोयकलम करायचे. खुंटाला चीर दिली, काडी बसवली, पट्टी गुंडाळली. तेवढा वेळ आम्हा पोरांना जवळ फिरकायची बंदी. कर्नेलमध्ये अशी बंदी कुणालाच घालता येत नाही. तुम्ही कलम बांधत असता त्याच क्षणी बाकीच्या प्रोसेस त्याच फांदीवरून ये-जा करत असतात.

वीज काढण्यापूर्वी सिसआरक्यूने अडकलेल्या सगळ्या प्रोसेसचे स्टॅक काढले होते, ते दोन कागदांवर छापले. कोणतं स्नॅपशॉट कुठे बसलंय याची मी एक नोंदवही ठेवली होती आणि तिला म्युटेक्स लावलं होतं. पहिली प्रोसेस ते म्युटेक्स धरून कर्नेलला नवं माउंट मागत होती. कर्नेलला त्या स्नॅपशॉटचं सुपरब्लॉक आधीच जिवंत दिसलं, म्हणून ते त्या सुपरब्लॉकचं एस_यूमाउंट हे सेमाफोर मिळायची वाट बघत थांबलं. दुसरी प्रोसेस तेच सुपरब्लॉक उतरवत होती. सेमाफोर तिच्या हातात होतं, आणि नोंद पुसायला तिला हवं होतं माझं म्युटेक्स. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत उभ्या. सिंकलाही प्रत्येक सुपरब्लॉकचं तेच सेमाफोर लागतं, म्हणून तेही त्या रांगेत जाऊन थांबलं होतं.

घाईत मी एक उपाय केला. कर्नेलला हाक मारण्यापूर्वी म्युटेक्स सोडायचं, परत आल्यावर पुन्हा घेऊन नोंद करायची. अडकणं थांबलं. चार दिवसांनी दुसरीच तक्रार आली: एक स्नॅपशॉट कुणीच वापरत नसताना पुसलं जात नव्हतं. दोन प्रोसेस एकाच वेळी शिरल्या होत्या. दोघींना नोंदवही रिकामी दिसली, दोघींनी माउंट तयार केलं. कर्नेलने दुसरं माउंट गुपचूप टाकून दिलं, कारण आपोआप होणाऱ्या माउंटमध्ये जागा आधीच भरलेली दिसली तर तसंच करायचं असतं. माझ्या वहीत मात्र दोन्हींची मोजणी झाली होती.

टीममधल्या ज्येष्ठ सहकारी माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. "अगं, लॉक_माउंट वाचलंस का?" त्यांनी विचारलं. मी नावापलीकडे वाचलं नव्हतं. त्या वेळच्या कर्नेलमध्ये ते फंक्शन जेमतेम पंचवीस-तीस ओळींचं होतं, आणि मी ते दुपारभर वाचत बसले. आधी डिरेक्टरीच्या आयनोडचं लॉक घ्यायचं, मग नेमस्पेस_सेम. क्रम कधी उलटायचा नाही. दोन्ही हातात आल्यावर पुन्हा बघायचं: मी वाट बघत असताना या जागी कुणी दुसरं काही माउंट केलं का? केलं असेल तर दोन्ही लॉक सोडायची, त्या नव्या माउंटच्या मुळाशी जायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. कुठेही धाकदपटशा नाही. इतकं नम्र कोड मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि आजही मला ते फार आवडतं.

मग मी माझा भाग मोडून पुन्हा लिहिला. ऑटोमाउंटमधली मोजणी काढली आणि सुपरब्लॉकच्या जन्माशी नि मरणाशी बांधली. या दोन्ही वेळी सेमाफोर आधीच धरलेलं असतं, त्यामुळे माझं म्युटेक्स नेहमी त्याच्या आत, सगळ्यांत शेवटी घेतलं जाऊ लागलं. म्युटेक्स हातात आल्यावर स्नॅपशॉट अजून शिल्लक आहे का, हे पुन्हा तपासायचं. मधल्या वेळात पुसलं गेलं असेल तर 'सापडलं नाही' असं सांगून परतायचं.

चाचणीच्या कर्नेलमध्ये मी लॉकडेप चालू केलं. लॉक घेण्याचा क्रम तपासणारं, इंगो मोल्नार यांनी लिहिलेलं हे साधन २००६ साली लिनक्स २.६.१८ मध्ये आलं. आमच्याकडे ते वेग कमी होतो म्हणून बंद ठेवलेलं असायचं, याचं मला आजही वाईट वाटतं. आधी घाईच्या उपायापूर्वीचं जुनं कोड चढवलं. एकच स्नॅपशॉट दोन ठिकाणी एकामागून एक उघडलं, मग सावकाश दोन्ही उतरवलं. कसलीही शर्यत नाही, काही अडकलंही नाही, तरी लॉकडेपने दोन लॉकच्या चक्राचा अख्खा नकाशा पडद्यावर काढला. मग नवं कोड चढवलं, तेच केलं, आणि स्क्रिप्ट रात्रभर फिरत ठेवून घरी गेले. सकाळी आल्यावर बॅग खांद्यावर असतानाच लॉग उघडला. माउंट, अनमाउंट, माउंट, अनमाउंट. ते नुसतं वाचत मी बराच वेळ उभीच होते.